मराठी सुटेपर्यंतच धावायचं

सर्दी थंडीनं होत नाही, घाईनं होते, असं सरांचं म्हणणं होतं. हे म्हणताना ते मध्येच थांबून शिंकायचे, नाक पुसायचे आणि वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं न्यायचे. समता कॉलनीत त्यांच्या घरात आम्ही खाली भाड्यानं राहायचो आणि ते वर. इतकी वर्षं त्यांना पाहिलं, पण त्यांचं नाक कोरडं असल्याचा एकही दिवस मला आठवत नाही. मे महिन्यात, रायपूरचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं अशा दिवसांतसुद्धा, ते गळ्याला मफलर गुंडाळून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत उभे असायचे. आणि हा माणूस आमच्या मिनूला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, आजारी न पडता कसं धावायचं ते शिकवणार होता.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे यवतमाळकडचे. आम्ही वर्ध्याचे. घर देताना त्यांनी बाबांना दोनच प्रश्न विचारले: घरात मराठी बोलता का, आणि सकाळी लवकर कोण उठतं. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते, चौकशीला उत्तर द्यायची त्यांना सवय होती. "हो" आणि "सगळे" असं त्यांनी सांगून टाकलं. खरं म्हणजे मराठी बोलायचे ते आई आणि बाबा. आम्हा बहिणींना समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायची. मी आज हे मराठीत लिहितेय ते लग्न नागपूरला झालं म्हणून. सासूशी भांडायचं तर तिच्या भाषेत भांडावं लागलं. आणि लवकर उठायची ती एकटी मिनू. बाकी आम्ही तिघं झोपेच्या बाबतीत कडवे होतो.

सरांना बायको होती, नव्हती, की होऊन गेली, याचा छडा आईलासुद्धा लागला नाही. स्वतःबद्दल ते बोलतच नसत. रक्ताबद्दल मात्र तासभर बोलायचे. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर मसाल्याच्या डब्याला लागून सूक्ष्मदर्शक असायचा. एका रविवारी मी वर चहाची पत्ती मागायला गेले, तर त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला, त्यावर जांभळा रंग ओतला, धुतला, खिडकीत वाळवला आणि म्हणाले, "बघ."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू एक फिकट गुलाबी तळं उघडत गेलं. तळंभर बारीक गोल चकत्या तरंगत होत्या, आणि त्यांच्यात कुठंतरी एकटंच, अंग चोरून उभं असल्यासारखं, जांभळं काहीतरी.

"पांढरी पेशी. हा तुझा कोटवार," सर म्हणाले.

इकडच्या खेड्यांत कोटवार असतो. गावाची राखण करतो, दवंडी देतो, परका कोणी शिरला तर त्याची खबर ठेवतो. माझ्या आत असा कोणी फिरत असतो हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी इतका वेळ वाकून पाहत राहिले की खाली आईचा चहा पत्तीवाचून आटला. घरी आल्यावर आईनं विचारलं, "पत्ती कुठी हाये?" मी म्हटलं, "मेरे अंदर कोटवार है." आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तेव्हा राज्य अगदी नवीन होतं. रातोरात आमचं गाव राजधानी झालं होतं आणि त्याला ते झेपत नव्हतं. पाट्यांवरचं मध्यप्रदेश पुसून छत्तीसगढ लिहिणारे रंगारी ब्राह्मणपाऱ्यापासून स्टेशनपर्यंत शिड्या लावून उभे. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत बसवलं होतं आणि मला तिथं टायपिस्टची तात्पुरती नोकरी लागली होती. आमचा विभाग ज्या दालनात होता तिथं भिंतीवर सलाईन टांगायचे हूक तसेच होते. सर म्हणायचे, "आजारी माणसं हलवली आणि सरकार भरती केलं."

मिनू शाळेत होती आणि लांब पल्ल्याचं धावायची. पाय काडीसारखे, पण थकायचे नाहीत. तिची अडचण एकच: कुठलीही मोठी शर्यत झाली की दोन-तीन दिवसांत ती पडायचीच. घसा, सर्दी, ताप. मग पांघरूण, काढा आणि आईची बडबड. शेवटी एका तापानंतर आईनं सांगून टाकलं, "आता आणखी एकदा ताप आला न, तं धावणं बंद. पोट्टी धावून धावून हडकली. कायले पाहिजे हे?"

आई एकदा बोलली की बोलली. तिनं बाबांचं तंबाखू खाणं असंच एका वाक्यात बंद केलं होतं. त्यामुळे मिनू घाबरली. नवं राज्य पहिल्यांदाच आपला मुलामुलींचा चमू बाहेर पाठवणार होतं, त्याची निवड हिवाळ्यात होती, आणि मिनूनं ते नवं नाव छापलेलं बनियन स्वप्नात घालूनसुद्धा पाहिलं होतं.

सरांनी हे जिन्यात ऐकलं. आमच्या घरातलं सगळंच ते जिन्यात ऐकायचे. खाली येऊन त्यांनी आईला म्हटलं, "वहिनी, धावण्यानं ताप येत नाही. कसंही धावण्यानं येतो. मला निवडीपर्यंत द्या."

मग त्यांनी आमच्या दारातल्या ओट्यावर बसून समजावलं. बेतानं धावलं की कोटवार जागे होतात, गल्लीबोळ फिरून येतात, आणि रोज बेतानं धावणाऱ्याचे कोटवार तरतरीत राहतात. पण जीव तोडून धावल्यावर काही वेळानं रक्तात पाहावं तर कोटवार कमी दिसतात. काही विद्वान म्हणतात, दार उघडं पडलं, आता चोर शिरणार. काही म्हणतात, कोटवार गावात दिसत नाही म्हणजे मेला असं नाही, शिवेवर फेरीला गेला असेल.

"मंग तुमचं म्हणणं काय?" बाबांनी विचारलं.

"मी दोघांचंही ऐकतो. दोघांपैकी कोणीच मिनूला पाहिलेलं नाही." मग नाक पुसून म्हणाले, "असं बघा, मंत्र्याचा दौरा असला की ठाण्यातले सगळे शिपाई बंदोबस्ताला जातात. एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज दौरा काढला तर शिपाई झोपतील कधी?"

बाबांना हे एकदम पटलं. त्या दिवसांत राजधानीत रोजच दौरे असायचे आणि त्यांची स्कूटर रोजच अडायची.

एकट्या मुलीला परपुरुषाबरोबर पहाटे मैदानावर पाठवायचं कसं, म्हणून आईनं मला सोबत जायला सांगितलं. राखणदार म्हणून माझी लायकी शून्य होती. मैदानाच्या कट्ट्यावर शालीत गुंडाळून बसले की मी अर्ध्या झोपेत असायचे. त्यामुळे त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला धड दिसल्या असं म्हणता येणार नाही. धुकं कंबरेएवढं असायचं. भनपुरीच्या कारखान्यांकडून ट्रकांची घरघर यायची, लांब कुठंतरी पाणी वाहत असल्यासारखी. धुक्यातून आधी सरांच्या लुनाची फटफट यायची, मग मिनूचं बोलणं, आणि शेवटी ती दोघं. पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा सगळं पांढरं. कधी मला वाटायचं की ती दोघं धावत नाहीत, तरंगताहेत, आणि मीच त्यांना स्वप्नात पाहतेय. बहुतेक वेळा ते खरंच असायचं, कारण सर उठवायचे तेव्हा घरी जायची वेळ झालेली असायची.

सर स्वतः कधी पाऊलभर धावले नाहीत. "मी धावण्याचा अभ्यासक आहे," म्हणायचे, आणि लुनावर बसायचे. निघण्याआधी लुनाच्या सीटवरून बोट फिरवायचे. बोट काळं झालं, म्हणजे वारा कारखान्यांकडून आला, की त्या दिवशी धावणं नाही. सगळ्यांनी घरी जाऊन झोपावं. मी रोज त्या बोटाकडे आशेनं पाहायचे.

पहिल्याच सकाळी त्यांनी मिनूच्या बाजूनं लुना चालवत विचारलं, "काल रात्री काय जेवलीस? मराठीत सांग."

सरांच्या समोर मराठी बोलायची हा भाडेकराराचा अलिखित भाग होता. मिनू सांगायला लागली: वांग्याची भाजी होती, आईनं तिखट जास्त टाकलं, बाबा चिडले. तिनं वेग वाढवला. "मग बाबा म्हणाले की... पानी दो पहले, इतना तीखा कौन खाता है..." आणि पुढचं सगळं हिंदीत. सरांनी लुना थांबवली. तिला हळू व्हायला लावलं. हळू झाली तशी मराठी परत आली. पुन्हा जोरात, पुन्हा हिंदी. त्यांच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला होता. 

त्यांचं गणित साधं होतं. मराठी बोलायला मिनूला विचार करावा लागायचा, आणि विचाराला श्वास लागतो. श्वास पुरेनासा झाला की जीभ सोपी वाट धरायची. म्हणजे जिथं मराठी सुटली तिथं बेत सुटला. आठवड्यात बहुतेक दिवस मराठी सुटेपर्यंतच धावायचं, त्याच्या पुढं नाही. एखाद्या दिवशी हिंदीत. आणि मुकं होईपर्यंत फक्त शर्यतीत.

"भाषेचा अभिमान चांगला हाये तुमचा," बाबा म्हणाले.

"अभिमान कसला? तिला तेलुगू अवघड गेली असती तर मी तेलुगूत विचारलं असतं."

यात भरडली गेले मी. रोज धावत बोलायचं तर विषय पाहिजेत, आणि मिनूजवळ विषय म्हणजे आमचं घर. त्या वर्षी मला मुलं दाखवायचं चाललं होतं. कोणता मुलगा आला, त्यानं पोहे किती खाल्ले, मला पाहून त्याची आई काय म्हणाली, हे सगळं मैदानाला गोल फिरत खणखणीत आवाजात प्रसिद्ध व्हायचं. फिरायला येणारे रिटायर लोक मला पाहून हळहळायचे. एक काका तर थांबून म्हणाले, "बेटी, भिलाईवाला गया तो जाने दो."

धावून झाल्यावरचे नियम वेगळे. घाम पुसून लगेच केळं किंवा गूळ-फुटाणे खायचे. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावायचं नाही. कोणाच्या गळ्यात पडायचं नाही. गळ्याच्या वर दुखलं, म्हणजे नाक, घसा, तर हळू धावलं तरी चालेल. गळ्याच्या खाली, म्हणजे छाती, अंग, पोट, तर झोपायचं. आणि झोप. झोपेला सर देवासारखं मानायचे. आमच्या मजल्याचं मेन स्विच त्यांच्या जिन्यात होतं. मिनूच्या झोपायच्या वेळेला ते शांतपणे खाली उतरून स्विच पाडायचे. बाबांची बातमी अर्ध्यात तुटायची. "अहो सर, मुख्यमंत्री बोलून राहिले न," बाबा अंधारातून ओरडायचे. वरून उत्तर यायचं, "उद्याही बोलतील."

जिल्ह्याच्या शर्यतीत मिनू पहिली आली तेव्हाची गोष्ट. राजधानी झाल्यापासून गावात सत्काराची लाटच आली होती. कुठल्याशा नव्या महामंडळाचे नवे अध्यक्ष बक्षीस द्यायला आले होते आणि त्यांना सणसणीत खोकला झालेला. मिनू अजून धापा टाकत होती. अध्यक्षांनी रुमालात खोकून तोच हात तिच्या डोक्यावर ठेवायला पुढं केला, दुसऱ्या हातात तिला भरवायला पेढा. एवढ्यात सर मंचावर चढले आणि दोघांच्या मध्ये त्यांनी छत्री उघडली. भर उन्हात, काळी, पावसाळ्यात कॉलेजात न्यायचे ती.

"अभी दो-तीन घंटे इसको कोई नहीं छुएगा," सर म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, मुलीचा काही नवस असेल. त्यांनी छत्रीलाच नमस्कार केला आणि पेढा स्वतः खाल्ला. मी त्या दिवशी पूर्ण जागी होते आणि फार पस्तावले.

पण त्या शर्यतीनंतर मिनू पडली नाही. सर्दी नाही, ताप नाही. आईनं दोन-तीन दिवस येताजाता तिच्या मानेला हात लावून पाहिला आणि काही बोलली नाही. आईचं न बोलणं हे आमच्याकडे प्रमाणपत्र असायचं.

मग निवडीचं शिबिर लागलं. तिथले कोच भैया पोरसवदा होते, नुकतेच शिकून आलेले, आणि पहिल्याच चमूची जबाबदारी अंगावर आल्यानं बिचारे स्वतःच झोपत नसत. त्यांचं ब्रीद होतं, "दम निकलेगा तभी दम बढ़ेगा." सकाळी धावणं, संध्याकाळी धावणं, सगळं मुकं होईपर्यंत. सरांना आत घेतलं नाही. ते कुंपणाबाहेर लुना लावून उभे राहायचे आणि जाळीतून विचारायचे, "मिनू, काल काय जेवलीस?" मिनूला लाज वाटायची. बाकीची मुलं हसायची. एकदा कोच भैया आदरानंच म्हणाले, "अंकल, यहाँ दौड़ हो रही है, कवि सम्मेलन नहीं."

सर घरी येऊन आमच्या ओट्यावर बसले. "रोज दौरा काढून राहिलेत," एवढंच म्हणाले. एरवी ते आमच्यासारखं "राहिलेत" म्हणत नसत.

निवडीच्या सकाळी मिनू दाराच्या पायरीवर बसून बुटाची लेस बांधत होती. बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर पुसत होते. सर लुनाची किल्ली हातात घेऊन जिना उतरले आणि रोजचा प्रश्न विचारला. "काल रात्री काय जेवलीस?"

"कुछ खास नहीं, सर. खिचड़ी. मम्मी ने घी ज्यादा डाल दिया था, तो थोड़ी-सी खाई."

सरांचा किल्लीचा हात थांबला. "पुन्हा सांग."

"क्या सर? खिचड़ी."

"धावून आलीस का?"

"नहीं तो. अभी तो उठी हूँ."

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. "वहिनी, थर्मामीटर आणा."

थर्मामीटरवर ताप नव्हता. घसा? जरासा, मिनू म्हणाली. अंग दुखतं? नाही. "घसा तो ऊपर हुआ न, सर? आप ही ने बोला था, ऊपर हो तो चलेगा."

"बोललो होतो."

"तो फिर?"

बाबा फडकं टाकून आले. "काय झालं?"

"ती बसल्या जागी हिंदी बोलतेय."

बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, "सर, सारं ऑफिस वाट पाहून राहिलं. हिंदी तं मीबी दिवसभर बोलतो. मी बिमार हाये का?"

"तुम्ही धावत नाही," सर म्हणाले. मग आईकडे वळले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, जरा मागितल्यासारखा. "वहिनी, माझ्याजवळ पुरावा काही नाही. माझ्याच नियमानं ती जाऊ शकते. पण मला ती बसल्या जागी धावताना दिसतेय. आज तिला सोडू नका."

आईनं मिनूच्या मानेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बाबा काहीतरी म्हणायला गेले, तर तिनं दुसरा हात वर केला.

"नाही जायचं."

मिनू रडली नाही. तिनं एका पायातला बूट काढला. दुसरा काढला नाही. एका पायात बूट घालून ती निवडीची वेळ टळेपर्यंत त्या पायरीवर बसून राहिली, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे पाहत राहिली. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. मी मंत्रालयात जायला निघाले तेव्हा दोघांच्या मधून जावं लागलं, आणि कोणाकडे पाहावं ते मला कळेना.

दुपारी तिला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत अंग तव्यासारखं. खोकला छातीत उतरला. पुढं कितीतरी दिवस ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. असल्या अंगानं धावली असती तर हृदयावरसुद्धा येऊ शकलं असतं, असंही म्हणाले, पण ते आमच्या कॉलनीत प्रत्येकालाच काहीतरी हृदयावर येऊ शकतं असं सांगायचे. चमू मिनूला सोडून गेला. बाबांनी पेपरमधला फोटो पाहिला आणि पेपर घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली घातला.

मिनूचं म्हणणं आजही वेगळं आहे. "दीदी, कैंप में दिन-रात हिंदी ही तो चलती थी, जबान पर चढ़ गई थी. उसमें बुखार कहाँ से आया?" तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पुढच्या वर्षी ती राज्याकडून गेली, आली, आणि तिचा नंबर शेवटून मोजणं सोयीचं होतं. आता तिची मुलगी बॅडमिंटन खेळते आणि खेळून आली की कोणाच्या गळ्यात पडायची तिला सक्त मनाई आहे. हे कोणी शिकवलं, असं विचारलं तर मिनू म्हणते, "कॉमन सेन्स."

पण तेव्हा ती सरांशी बोलेनाशी झाली. सर दिसले की भिंतीकडे तोंड करायची. सरांनीही खाली येणं सोडलं. मेन स्विच पाडायलासुद्धा कोणी येईना. बाबांनी पहिल्या रात्री बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या. दुसऱ्या रात्री त्यांनी स्वतःच उठून टीव्ही बंद केला.

ताप उतरला आणि घरात सगळे आईच्या तोंडाकडे पाहायला लागले. तिचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मिनू अंथरुणात पडल्या पडल्या माझा हात धरायची आणि विचारायची, "मम्मी कुछ बोली?" निवड गेली ती गेली, पण धावणंच गेलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

एका दुपारी आई पदर खोचून जिना चढली. मी मागून गेले, भांडण झालं तर सोडवायला, किंवा निदान पाहायला. सर ओट्यापाशी उभे होते. आईला पाहून त्यांनी गॅस बंद केला.

"सर, मी म्हटलं होतं, आणखी एकदा ताप आला तं धावणं बंद."

"हो, वहिनी."

"आला."

"आला."

आईनं पदर आणखी घट्ट खोचला. "पण त्या दिवशी ती धावली कुठी? न धावताच आला न?"

मला वाटलं, झालं. आईनं स्वतःच वाट काढून दिली, आता सरांनी फक्त मान हलवायची. सरांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "त्याच्या आधी शिबिरात धावली होती, वहिनी. त्यानंही आला असेल."

"सर," आई म्हणाली, "मी तुमच्याच बाजूनं बोलून राहिली न."

"माझ्या बाजूनं नका बोलू. त्यानं आला, की कोणाच्या शिंकेतून आला, की येणारच होता, मला माहीत नाही. त्या सकाळीही माहीत नव्हतं. मी तिची निवड घालवली, आणि ती बरोबर घालवली की चुकून, हेही मला कधी कळणार नाही." ते सूक्ष्मदर्शकाकडे पाहत बोलत होते. "यात दिसत नाही ते."

आई मसाल्याच्या डब्याकडे पाहत राहिली. त्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, ते तिनं दाबून लावलं.

"मले एवढंच सांगा. बेतानं धावली तं पोट्टीले चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"हे तं माहीत हाये?"

"हे माहीत आहे."

"मंग झालं," आई म्हणाली. "चुकले असान तं चुकले. पोट्टी घरात हाये न." आणि खाली उतरताना जिन्यातूनच, मिनूला ऐकू जाईल अशा आवाजात, "आठ दिवस नुसतं चालायचं. धावली तं पाय मोडीन."

पुढच्या आठवड्यात, धुकं विरळ झालं होतं तेव्हा, मिनू पहिल्यांदा पुन्हा धावायला निघाली. सरांना कोणी बोलावलं नव्हतं. ती फाटकात उभी राहिली. लेस सोडली, पुन्हा बांधली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, रुको. वर खिडकी बंद होती. मग जिन्यात मफलर दिसला.

लुना चालू होईना. इतके दिवस उभी राहून थंड पडली होती. सरांनी बरेच प्रयत्न केले, मग सीटवर चढले आणि पायडल मारत निघाले. पायडलवर लुना किती जड जाते ते चालवलेल्यालाच ठाऊक. मैदानापर्यंतच त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी कट्ट्यावर बसले. मिनू धावायला लागली, सर तिच्या बाजूनं. पहिल्याच वळणावर ते मागं पडले. तिनं मागं वळून पाहिलं आणि वेग कमी केला. ते पुन्हा मागं पडले, तिनं आणखी कमी केला. इतका की फिरायला आलेले काका तिला ओलांडून पुढं गेले.

कट्ट्यासमोर आले तेव्हा सरांनी तिच्याकडे पाहून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शब्द निघेना, नुसता श्वास. त्यांनी हँडलवरचा एक हात वर केला, आणि लुना कलली.

"हव, हव," मिनू म्हणाली. तिनं एका हातानं हँडल धरलं. "बाद में बोलना." आणि धावणं सोडून ती त्यांच्याबरोबर चालायला लागली.